रक्ताचा दुसरा कागद

रेकॉर्डताईंना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता एकच माणूस उरलं होतं. ती म्हणजे त्यांची धाकटी बहीण, आणि तीही आठवड्यातून एकदा, रविवारी, फोनवर. रुग्णालयात मोठ्या डॉक्टरांपासून फरशी पुसणाऱ्यांपर्यंत सगळे त्यांना रेकॉर्डताईच म्हणत. एकतीस वर्षं एकाच खोलीत काढल्यावर माणसाला खोलीचंच नाव पडतं.

खोली इमारतीच्या मागच्या अंगाला, अर्धी जमिनीखाली. खिडकी होती, पण ती छताला टेकलेली आणि तिच्यातून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. बाकी चारी बाजूंना लोखंडी मांडण्या आणि त्यांत फायली. पूर्वी ताईंच्या हाताखाली तिघं होती. मग वर कॉम्प्युटर आले. एकाची बदली झाली, एक निवृत्त झाली, तिसरी लग्न करून गेली आणि त्या जागा भरायचं कुणाच्या मनातही आलं नाही. जुने कागद तेवढे खाली राहिले, आणि ताई.

आई होती तोवर ताई पाचच्या ठोक्याला बाहेर पडत. आई दोन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर घाई कशाची करायची ते त्यांना कळेना. पावणेसहा, सहा, कधी सव्वासहालाही त्या खोलीतच असायच्या. लग्नाचं वय आईच्या आजारपणात कधी निघून गेलं त्याचा त्यांनी हिशेब ठेवला नव्हता, आणि कुणी विचारलं तर "राहून गेलं" एवढंच म्हणत. निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं.

अशात एक दिवस यकृताच्या विभागातल्या डॉक्टरीणबाई खाली आल्या. वयानं ताईंच्या भाचीएवढ्या, बोलायला चटपटीत. त्यांना एक अभ्यास करायचा होता. यकृताच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या काही लोकांना वर्षा-दोन वर्षांनी तोच आजार पुन्हा गाठतो. अशा एकशे त्रेसष्ट रुग्णांच्या फायली त्यांना हव्या होत्या. आजार उलटला त्या वेळी केलेली रक्ताची तपासणी प्रत्येक फायलीतून काढायची, आणि तिच्यावरून माणूस पुढे किती जगला याचा काही अंदाज येतो का ते पाहायचं.

"साधी तपासणी हो ताई, ताप आला तरी करतो ती," डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. "रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या दोन जाती घ्यायच्या. अंगात कुठे दाह असला की न्यूट्रोफिल वाढतात. लिम्फोसाइट म्हणजे आजाराला ओळखून लढणाऱ्या, त्या कमी होतात. पहिला आकडा भागिले दुसरा. दोन-अडीच आला तर ठीक. पाचाच्या वर गेला तर माणसाकडे वेळ कमी असावा, असं दिसतंय. हे पक्कं कळलं तर कुणाला जोरकस औषधं द्यायची आणि कुणाला उगाच छळायचं नाही, ते आधीच ठरवता येईल."

फायली काढणं ताईंच्या हातचा मळ होता. पण कामाचा दुसरा भाग वेगळा होता. कोण अजून आहे, कोण नाही, आणि नसेल तर कुठल्या तारखेला गेलं, हे घरोघर फोन करून विचारायचं होतं. वरचे तरुण डॉक्टर हे काम टाळत होते. ताई म्हणाल्या, मी करते.

पहिल्या आठवड्यातच त्यांना कळून चुकलं की विचारायचं कसं तेच आपल्याला येत नाही. "तब्येतीची चौकशी करायला फोन केलाय," असं म्हटलं की पलीकडचे लोक फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचे. एका बाईंनी तीन वेळा सांगितलं, ते अंघोळीला गेलेत, नंतर करा. चौथ्या वेळी त्यांनी स्वतःच तारीख सांगितली आणि फोन ठेवला. एका मुलानं तारीख, वार, वेळ सगळं घडाघडा म्हणून दाखवलं, जणू कुणीतरी विचारेल म्हणून पाठच करून ठेवलं होतं. एक म्हातारे वडील नुसतंच म्हणाले, "आता करताय होय फोन." मग ताईंनी वाक्य बदललं. "त्यांच्याबद्दल थोडं विचारायचं होतं," असं म्हणायला लागल्या. त्या वाक्यात मेलेलं माणूसही बसायचं आणि जिवंतही.

पण आणखी एक गोष्ट त्यांना छळायला लागली. आकडा पाहिला की उत्तर आधीच कळायचं. फायलीत सात दिसले, आठ दिसले की फोन उचलणार ती बायको किंवा मुलगी, हे ठरलेलं. दहातल्या आठ वेळा तसंच व्हायचं. बसमध्ये समोरच्या माणसाकडे बघताना त्यांच्या मनात यायचं, याला भागलं तर किती येईल? हे कुणाला सांगायची सोय नव्हती. शेवटी त्यांनी यादीतल्या आकड्यांच्या रकान्यावर कागदाची पट्टी चिकटवली आणि पट्टी ठेवूनच फोन करायला लागल्या. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. म्हणाल्या, अभ्यासात असंच करायचं असतं, विचारणाऱ्याला आकडा माहीत नसावा. ताईंनी ते अभ्यासासाठी केलं नव्हतं.

अठ्ठ्याऐंशी नंबरच्या आकड्यावरही पट्टी होती. पण तो आकडा त्यांनी आदल्याच दिवशी स्वतः लिहिला होता आणि तो काही डोक्यातून जात नव्हता. नऊच्या वर. एकशे त्रेसष्टांत तेवढा मोठा आकडा दोघांचाच होता, आणि दुसरा माणूस पाच महिन्यांत गेला होता. या माणसाचा आजार उलटून चार वर्षं झाली होती. पुढचे कागद फायलीत नव्हते.

फोन एका पुरुषानं उचलला. ताईंनी फायलीवरचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, त्यांच्याबद्दल थोडं विचारायचं होतं.

"विचारा की. त्याच्याबद्दल माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. मीच तो."

"तुम्ही? स्वतः?" ताईंच्या तोंडून निघून गेलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "मेलेला असायला हवा होता का मी?"

"नाही, तसं नाही," ताई घाईघाईनं म्हणाल्या, आणि ते इतकं उघड खोटं होतं की तो हसला. मोठं, घोगरं हसू. खोलीत कितीतरी दिवसांत कुणी हसलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंचा आधी विश्वासच बसेना. त्या म्हणाल्या, बाप-लेकाची गफलत असेल, नीट तपासा. ताईंनी पुन्हा फोन करून जन्मतारीख, ऑपरेशनचं साल, पोटावरच्या व्रणाची जागा, सगळं विचारलं. माणूस तोच होता. पुढच्या तपासण्या घराजवळच्या एका लहान रुग्णालयात करत होता, म्हणून इथे कागद नव्हते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असा एखादा सगळीकडेच निघतो, पण का निघाला ते कळलं तर बरं. त्याच्याकडून जमेल तेवढं काढून घ्या.

तो लिफ्टचा मेकॅनिक होता. आता काम सोडलेलं. कधी फोन केला तर चालेल, असं त्यानंच विचारलं आणि ताई म्हणाल्या, एक वाजता, जेवायच्या सुटीत. दुसऱ्या दिवसापासून बरोबर एकला फोन वाजायला लागला. सुरुवातीला तो आठवेल ती माहिती द्यायचा. कुठलं औषध, किती महिने, वजन किती उतरलं. चार-पाच दिवसांत माहिती संपली. फोन संपला नाही.

त्याला बोलायला आवडायचं आणि ताईंना ऐकायला. तो लिफ्टच्या गोष्टी सांगायचा. लिफ्ट कधी पडत नाही, म्हणायचा, लोक उगाच घाबरतात. दोर तुटला तरी ब्रेक धरतो. अडकते मात्र. आणि आत माणूस अडकला असेल तर आधी हत्यारं काढायची नाहीत, आधी त्याच्याशी बोलायचं. बोलणं थांबलं की माणूस दार ओढायला लागतो आणि हात चेंगरून घेतो. त्यानं एकदा एका बाईला पावणेदोन तास बोलतं ठेवलं होतं. शेवटी ती बाहेर आली तेव्हा तिनं आभार मानायच्या ऐवजी त्याच्याशी वाद घातला, कारण बोलता बोलता दोघांचं एका नाटकावरून बिनसलं होतं.

पहिल्याच दिवशी तो मॅडम म्हणाला होता. ताई म्हणाल्या, मॅडम नको, सगळे मला ताई म्हणतात. तो लगेच ताई म्हणायला लागला. पंधरा दिवसांनी ताईंना वाटलं, मॅडमच म्हणू दिलं असतं तर बरं झालं असतं. मग स्वतःच्या या विचारानं त्या एकट्याच ओशाळल्या.

रविवारी बहिणीनं फोनवर विचारलं, आवाज बरा लागतोय तुझा, काय झालंय? ताई म्हणाल्या, हवा बदललीये. बहीण म्हणाली, इथे तर नाही बदलली.

एके दिवशी त्यानं न विचारताच आपली हकिकत सांगितली. त्याची बायको तरुणपणीच गेली होती. मूलबाळ नव्हतं. पुष्कळ वर्षं एकटं काढल्यावर त्याला एक बाई भेटली, पडदे शिवणारी. एका इमारतीची लिफ्ट बंद होती आणि ती कापडाचा तागा खांद्यावर घेऊन पाच मजले चढून आली होती. वर पोचल्यावर तिनं आधी त्याला फैलावर घेतलं आणि मग पाणी मागितलं. तिचाही नवरा गेलेला. आजारपण काढून गेलेला, तीन वर्षं अंथरुणावर. यांचं जमलं. यकृताचं ऑपरेशन झालं तेव्हाही ती होती. दोघांनी ठरवलं, वर्ष चांगलं गेलं की लग्न करायचं.

वर्ष चांगलं गेलं नाही. आजार उलटला. त्या वेळच्या डॉक्टरांनी, जे आता निवृत्त झाले होते, कागद समोर धरून सांगितलं की स्कॅनमधली गाठ लहान आहे, सुईनं जाळू, पण रक्त चांगलं दिसत नाही. एका वर्षाच्या पुढचं काही धरू नका. कामं उरकून घ्या.

"मी एकच काम उरकलं," मेकॅनिक म्हणाला. "तिला जाऊन सांगितलं, माझं मन बदललं. आजाराचं बोललोच नाही. बोललो असतो तर ती राहिली असती, आणि पुन्हा एक माणूस तिच्या डोळ्यांदेखत झिजला असता. तिनं कारण विचारलं. मी म्हटलं, कारण नाही. मग वाट बघत बसलो. सहा महिने, वर्ष, दोन वर्षं. मरण काही येईना. आता तिच्याकडे कुठल्या तोंडानं जाऊ? काय सांगू, की मरायचं होतं ते जमलं नाही?"

मग तो म्हणाला, "म्हणून विचारतो ताई, तुमच्या डॉक्टरीणबाईंना कळलं का, मी का उरलोय? कारण असेल तर सांगा. नुसतंच उरणं फार अवघड आहे."

त्या दिवशी डबा तसाच राहिला. ताईंनी अठ्ठ्याऐंशी नंबरची फाइल टेबलावर घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला बसल्या. डॉक्टर वाचतात तसं नाही, रेकॉर्डवाले वाचतात तसं. शिक्का, सही, पान कुठलं आधी लावलंय, टाचणीचं भोक कुठे आहे. आणि सुईच्या उपचाराच्या संमतीपत्रावर त्यांची नजर अडली. खालची सही वाकडीतिकडी होती, पहिलीतल्या पोरानं काढावी तशी. ऑपरेशनच्या संमतीवरची सही मात्र ठसठशीत होती, घोटलेली.

दुसऱ्या दिवशी एक वाजता त्यांनी त्याला विचारलं. त्याला आठवायला वेळ लागला. मग म्हणाला, हां, ती डाव्या हाताची. उजव्या हाताचं बोट दाराच्या पट्टीत फाटलं होतं. चिंधी बांधून काम चालूच ठेवलं, आम्हा लोकांना त्याचं काय कौतुक. पण चांगलाच पू झाला. लाल रेघ पार कोपरापर्यंत चढली. एका संध्याकाळी इथल्याच तातडीच्या विभागात जाऊन चिरून घेतलं.

"कधी?" ताईंनी विचारलं.

"सही केली त्याच आठवड्यात. रक्त दिलं त्याच दिवशी असेल. हात दुखत होता म्हणून खिशातच ठेवला होता. रक्त डाव्या हाताचं घेतलं त्यांनी."

तातडीच्या विभागाच्या जुन्या वह्या शेवटच्या मांडणीत, अगदी खाली होत्या. ताई फरशीवर बसल्या आणि त्यांनी त्या आठवड्याची वही शोधली. मंगळवार, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. लिफ्ट मेकॅनिक, उजवी तर्जनी, पू काढला, औषध दहा दिवस. रक्ताच्या तपासणीवर मंगळवार सकाळची वेळ होती.

मग त्यांना आणखी एक शंका आली. सुई घालायच्या आधी भूल देणारे पुन्हा रक्त तपासतात. तो कागद फायलीत भुलीच्या पानांत, अगदी मागे लावलेला होता. पंधरा दिवसांनंतरचा. ताईंनी पेन्सिल घेऊन भागाकार केला. दोन आला. खात्रीसाठी पुन्हा केला. पुन्हा दोनच.

म्हणजे पहिल्या कागदातलं ते नऊ यकृताचं नव्हतंच, बोटाचं होतं. अंगात दाह होता, पण तो हातात होता. समोरच्या डॉक्टरांनी कागद पाहिला, खिशातला हात पाहिला नाही. आणि दुसरा कागद आला तेव्हा तो भूल देणाऱ्यांनी वाचला, आणि त्यांना फक्त एवढंच बघायचं होतं की सुई घालता येईल की नाही.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि कपाळावर हात मारला. लहान एकच गाठ, ती जाळलेली, आणि आकडा दोन, हा माणूस चार वर्षं जगला यात नवल काहीच नव्हतं. "मग हे आपल्या अभ्यासात बसत नाहीत," त्या म्हणाल्या. "रक्त घेताना जंतुसंसर्ग असेल तर वगळायचं, असा नियमच आहे. बरं केलंत ताई, नाहीतर हा एक सगळं गणित बिघडवत होता." त्यांनी यादीतल्या अठ्ठ्याऐंशी नंबरवर रेघ मारली. एकशे बासष्ट राहिले.

ताईंनी विचारलं, त्यांना हे सांगू का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांचा कागद आहे, त्यांना कळायलाच हवं. कागदावर आहे तेवढं सांगा, आणि एकदा तपासून घ्यायला मला येऊन भेटा म्हणावं.

तो सोमवार होता. दुपारी एकला फोन वाजला. मेकॅनिकनं त्या दिवशी एका दवाखान्यातल्या लिफ्टची गोष्ट सांगितली, जिच्यात दोन भांडलेले भाऊ अडकले होते. ताई हसल्या. फोन ठेवला. सांगितलं नाही.

मंगळवारीही नाही. बुधवारी सांगायचं ठरवून आल्या होत्या, पण तो म्हणाला, "दिवसात हा एकच तास बरा जातो बघा," आणि ताईंनी दुसराच विषय काढला. सांगितलं की तो जाणार, हे त्यांना पुरतं कळत होतं. आज ना उद्या तो पडदे शिवणाऱ्या बाईचं दार वाजवणार. आणि जायलाच हवं त्यानं. हे कळत असूनही एक वाजायच्या आधी त्या केसांवरून हात फिरवत होत्या, फोनला दिसत नाही हे माहीत असून. घरी गेल्यावर स्वतःचाच राग यायचा. आईचं अंथरूण अजून तसंच घडी घालून ठेवलेलं होतं, त्याच्या कडेला बसून त्या स्वतःला बजावायच्या, उद्या. आणि उद्या पुन्हा तेच. रविवारी बहिणीचा फोन आला तेव्हा त्यांनी दोन मिनिटांत आवरतं घेतलं.

पुढच्या बुधवारी त्यांनी फोन उचलल्याबरोबर सांगून टाकलं. मध्ये श्वास घेतला असता तर थांबल्या असत्या. बोट, वही, मंगळवारची संध्याकाळ, दुसरा कागद, दोन. डॉक्टरीणबाईंनी एकदा तपासायला बोलावलंय, तेही.

"दोन," तो स्वतःशीच पुटपुटला. मग तो म्हणाला, "म्हणजे मी मरणारच नव्हतो."

"तसं कुणालाच सांगता येत नाही. पण तुम्हाला जे सांगितलं, ते ज्या आकड्यावरून सांगितलं, तो बोटाचा होता."

"एका बोटासाठी..." त्याचं वाक्य अर्धवटच राहिलं. मग त्यानं विचारलं, "तुम्हाला कधी कळलं हे?"

आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. ताईंची जीभ तिकडे वळलीही होती.

"मागच्या सोमवारी," त्या म्हणाल्या. "आज धरून दहा दिवस झाले."

"आणि रोज बोलत होतात."

"हो."

त्यानं का ते विचारलं नाही. फोन खाली ठेवल्याचा आवाजही हळूच आला. ताई कितीतरी वेळ रिसीव्हर कानाला लावून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी एक वाजला आणि फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ताईंनी स्वतः करायचा नाही असं ठरवलं आणि पाळलं. उरलेली घरं त्यांनी तीन आठवड्यांत संपवली. डॉक्टरीणबाईंचा अभ्यास पुरा झाला. ज्यांचा आकडा मोठा होता ते खरंच लवकर गेले होते, ज्यांचा लहान होता ते जास्त टिकले होते. अपवाद होते, पण थोडे. डॉक्टरीणबाई आनंदात होत्या. त्यांनी ताईंना वर बोलावून आलेख दाखवला. दोन रेघा एकाच ठिकाणाहून निघाल्या होत्या आणि एक, मोठ्या आकड्यांची, गेलेल्या एकेका माणसागणिक पायरी-पायरीनं भराभर खाली उतरत होती. ताईंना प्रत्येक पायरीचा आवाज माहीत होता. ही अंघोळीला गेलेत म्हणणाऱ्या बाईंची. ही तारीख पाठ करणाऱ्या मुलाची. त्या म्हणाल्या, छान झालंय, आणि खाली आल्या.

दोन महिने गेले. एका दुपारी तीनच्या सुमाराला खोलीच्या दारात एक माणूस उभा राहिला. बुटका, रुंद खांद्यांचा, हातात टोपी. त्याच्यामागे एक बाई, चष्मा कपाळावर सरकवलेला, हातात स्कॅनचं मोठं पाकीट. त्यानं तोंड उघडलं आणि ताईंनी आवाज ओळखला.

"मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल," मेकॅनिक म्हणाला.

"मलाही तसंच वाटलं होतं," ताई म्हणाल्या, आणि दोघंही अवघडून हसली.

डॉक्टरीणबाईंनी तपासायला बोलावलं होतं म्हणून ते आले होते. स्कॅनमध्ये एक बारीक ठिपका दिसत होता. काही असेल किंवा नसेल, तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं. रक्त चांगलं होतं. हे सगळं बाईनंच सांगितलं, कागद न बघता. त्या दोघांनी लग्न केलं नव्हतं. तो तिच्या दारात गेला तेव्हा तिनं त्याला तासभर बाहेरच उभं केलं होतं, आणि आत घेतल्यावर एवढंच म्हणाली होती की माझं मी काय सोसायचं ते तू ठरवणारा कोण? पुढचं पुढे बघू, पण दवाखान्यात यापुढे एकट्यानं जायचं नाही. हेही तिनंच सांगितलं, आणि तो शाळेतल्या मुलासारखा मान खाली घालून ऐकत होता.

बाई मांडण्या बघत जरा आत गेली तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "तुमचा फार राग आला होता मला. दहा दिवसांचा."

"यायलाच हवा होता."

"मग तिच्यासमोर उभा राहिलो आणि मोजलं. मी तिच्यापासून चार वर्षं लपवलं. मी कसला रागावतोय." तो टोपी हातात फिरवत राहिला. "तुम्ही सांगितलंत, ताई. नसतं सांगितलं तरी कुणाला कळणार नव्हतं."

तेवढ्यात बाई परत आली. तिनं टेबलावरच्या फोनकडे पाहिलं, मग ताईंकडे. तिच्या आवाजात खोच नव्हती, साधी काळजी होती.

"हे रोज एक वाजता तुमच्याशी बोलायचे म्हणे. तुमची जेवायची वेळ ना ती? मग तुम्ही जेवत कधी होतात?"

ताईंनी टेबलावरच्या फायली सरळ केल्या. त्या म्हणाल्या, "सावकाश जेवायचे."

जाताना तो म्हणाला, करीन फोन. त्यानं केला नाही, आणि ते बरोबरच होतं. ताईंनी वाट पाहिली नाही असं नाही. पण वाट पाहण्याचीही मुदत असते. काही आठवड्यांनी एक वाजला की त्यांचा हात केसांकडे जायचा थांबला.

नंतर एके दिवशी त्यांनी डबा उचलला आणि वरच्या मजल्यावरच्या कॅन्टीनमध्ये गेल्या. एकतीस वर्षांत त्या तिथे चार-सहा वेळा गेल्या असतील. खूप गर्दी होती. भिंतीकडेच्या एका टेबलाशी त्या बसल्या. समोरची खुर्ची रिकामी होती. त्या डबा उघडत होत्या तेवढ्यात एक नर्स हसत जवळ आली आणि तिनं विचारलं, "ही खुर्ची घेऊ का?"

"घ्या ना," ताई म्हणाल्या आणि डबा जरा आपल्याकडे सरकवून त्यांनी तिच्यासाठी जागा केली.

नर्सनं खुर्ची उचलली आणि पलीकडच्या टेबलाशी नेली. तिथे तिच्या मैत्रिणी बसल्या होत्या.

ताईंनी डब्याचं झाकण खाली ठेवलं आणि जेवायला सुरुवात केली. आजूबाजूला सगळे एकदम बोलत होते आणि त्यातलं एकही वाक्य पुरतं ऐकू येत नव्हतं. त्या शेवटच्या घासापर्यंत बसल्या. दुसऱ्या दिवशीही एक वाजता त्या डबा घेऊन वर गेल्या.